पोलंडवाले गेले, सिंधी राहिले

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले आणि तिथल्या कोल्हापूर स्मारकावर त्यांनी फुलं वाहिली, त्या दिवशी आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे काही सुरू झालं ते विचारूच नका. जगात भारी कोल्हापुरी, मग मिशांचे इमोजी, मग "आमच्या महाराजांनी पोलंडच्या हजारो अनाथ मुलांना राजवाड्यात ठेवलं" असा एक फॉरवर्ड, तो तर दिवसभरात चार जणांनी टाकला. खरं तर यातलं अर्धं दुसऱ्याच गावाचं आहे. अनाथ मुलांची छावणी जामनगरजवळ बालाचडीला होती, जामसाहेब दिग्विजयसिंहजींची. आपल्याकडं, कोल्हापूरशेजारच्या वळिवड्याच्या कॅम्पात, दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे निर्वासित म्हणून आली ती बहुतेक बायका-पोरांची कुटुंबं, आणि १९४३ साली कोल्हापूरच्या गादीवर एक लहान बाळ होतं, राजाराम महाराज १९४० मध्येच वारले होते. जागा संस्थानातली, इमारती आणि व्यवस्था इंग्रज सरकारची, खर्च लंडनमध्ये बसलेल्या पोलिश सरकारचा, असा तो एकूण मामला होता. पण हे ग्रुपवर लिहायला गेलो तर "तू पुण्यात राहून शहाणा झालास" हे ठरलेलं, म्हणून इथं लिहितोय.

आणि मला सांगायचंय ते वेगळंच आहे. ज्या कॅम्पवरून एवढी कॉलर ताठ झाली तो कॅम्प कुठाय विचारलं तर ग्रुपवरच्या निम्म्यांना सांगता आलं नसतं, आणि गंमत म्हणजे तेच सगळे दरवर्षी तिथं जातात. तावडे हॉटेलवरून आत वळलं की गांधीनगर. लग्नाचा बस्ता, दिवाळीचे कपडे, शाळेचा युनिफॉर्म, होलसेल भावात सगळं. कोकणातनं, बेळगावातनं, सांगलीतनं दुकानदार येतात, गठ्ठेच्या गठ्ठे टेम्पोत घालून नेतात. हे गांधीनगर म्हणजेच तो वळिवडे कॅम्प. पोलंडवाले गेले आणि त्याच बराकींमध्ये सिंधी लोक येऊन राहिले. एका कॅम्पात दोन देशांतनं हाकललेली माणसं, एकापाठोपाठ एक.

माझी आजी चिंचवाडची. वळिवड्याच्या शेजारचं गाव. ती आठेक वर्षांची असताना तिच्या आईबरोबर कॅम्पात दूध आणि अंडी घेऊन जायची, त्यामुळं पोलंड हा देश नकाशावर कुठाय हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, पण पोलंडच्या बाया अंडं कसं कानापाशी हलवून बघतात याची नक्कल ती आम्हाला करून दाखवायची. डोळा बारीक करून, ओठ मुडपून. "लई चेंगट हुत्या," म्हणायची, "पर पैसा रोख." त्यांचे मराठी आकडे दहापर्यंतच, पुढं बोटं. पोरं अनवाणी हिंडायची, पंचगंगेत डुंबायला जायची, उन्हानं लाल व्हायची. सणाच्या दिवशी पोरी पांढरे कपडे घालून फुलं उधळत मिरवणूक काढायच्या ते बघायला गावातल्या बायका कडेला उभ्या असायच्या, आणि कुणीतरी हमखास म्हणायचं, ह्यांचे बाप्ये कुठं हैत?

बाप्ये कुठं आहेत याचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी वाचून कळलं. १७ सप्टेंबर १९३९ ला रशियानं पूर्वेकडून पोलंडमध्ये सैन्य घातलं, पश्चिमेकडून जर्मनी आधीच आत घुसलेला होता. मग १० फेब्रुवारी १९४० ला, कडाक्याच्या थंडीत, रात्री-पहाटे दारं वाजायला लागली. सैनिक, फॉरेस्टचे नोकर, जमीन मिळालेले माजी शिपाई, शेतकरी, अशांची घरं यादीत. अर्धा-एक तास द्यायचे. विचार करा, अर्ध्या तासात तुम्ही काय घ्याल? बाई माणूस घरात एकटी, नवरा कैदेत नाहीतर बेपत्ता, तीन पोरं झोपेत, दारात बंदूक. जिनं पिठाचं पोतं आणि रजया घेतल्या तिची पोरं जगण्याची शक्यता वाढली, जिनं गोंधळून भिंतीवरचे फोटो घेतले तिचं अवघड झालं. मालगाडीच्या डब्यात आठवडेच्या आठवडे. अर्खांगेल्स्क, सैबेरिया, कझाकस्तान. लाकूडतोड, उपास, टायफस.

१९४१ च्या जूनमध्ये हिटलर रशियावरच उलटला म्हणून ही माणसं सुटली, नाहीतर तिथंच संपली असती. त्या जुलैत पोलिश सरकार आणि रशिया यांच्यात करार झाला, कैद्यांतनं जनरल अँडर्सची फौज उभी राहायला लागली, आणि त्या फौजेच्या मागं मागं बायका-पोरं दक्षिणेकडं निघाली, कारण जिथं फौज तिथं भाकरी. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात जी उतरली त्यात फौज आणि बायका-पोरं मिळून लाखाच्या वर माणसं होती. तिथं खायला मिळालं आणि त्या खाण्यानंच कितीतरी मेली, रिकाम्या आतड्यांना ते सोसलं नाही. तेहरान, इस्फहान, मग कराचीजवळचे तात्पुरते कॅम्प, आणि कराचीहून पुढं १९४३ पासून काही हजार जण कोल्हापूर-मिरज लाईनवरच्या वळिवडे नावाच्या एका छोट्या स्टेशनवर. तरणे बाप्ये फौजेत गेले होते, इटलीत माँते कासिनोला लढत होते. उरलेले मेले होते किंवा त्यांचा पत्ता नव्हता. हे कडेला उभ्या असलेल्या चिंचवाडच्या बायांना कोण सांगणार?

साधारण पाच हजार माणसं. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौलं, पुढं व्हरांडा, अशा लांबच्या लांब बराकी. त्यात त्यांनी शाळा काढल्या, चर्च, दवाखाना, नाटकाचं स्टेज, स्काऊट-गाईड, सगळं. मला यात कौतुक वाटतं ते शाळांचं. कुठल्या देशात आहोत, उद्या कुठं असू याचा पत्ता नाही आणि पोरांना पोलिश व्याकरण शिकवतायत, परीक्षा घेतायत, नापास करतायत. युद्ध संपलं की पोरगं घरी जाणार, मग इयत्ता चुकायला नको, एवढा साधा हिशोब.

घरी जायचं राहिलंच. फेब्रुवारी १९४५ ला याल्टामध्ये बड्या तिघांनी ठरवलं आणि पोलंडचा पूर्वेकडचा पट्टा रशियाला गेला. वळिवड्यातली बहुतेक माणसं त्याच पट्ट्यातली. घर जाग्यावर, देश बदललेला. त्यात इंग्लंडनं त्याच वर्षी जुलैत वॉर्सामधल्या नव्या सरकारला मान्यता दिली, म्हणजे लंडनचं सरकार, जे या कॅम्पाचा खर्च करत होतं, ते कागदावरनंच गेलं. आता काय? ज्यांचा नवरा किंवा भाऊ फौजेत होता त्यांना इंग्लंडनं घेतलं, त्यासाठी १९४७ मध्ये कायदाच केला. कुणी ऑस्ट्रेलिया, कुणाला पूर्व आफ्रिकेतल्या आणखी एका कॅम्पात पाठवलं, काही थोडे परत पोलंडला गेले. आणि इंग्लंडला पोचलेल्यांना काय मिळालं तर पुन्हा कॅम्पच, लष्करानं सोडलेल्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्या, वर पाऊस, थंडी. कित्येक जण त्यात वर्षानुवर्षं राहिले. तिथं बसून वळिवड्याचं ऊन आठवत असेल की नाही? आठवत होतं. त्यातली मुलं मोठी झाल्यावर म्हाताऱ्या वयात कोल्हापूरला येऊन गेली, बराकी शोधत हिंडली, त्यांच्या संघटनेनं महावीर उद्यानात स्तंभ उभारला. कोल्हापूरच्या ख्रिश्चन दफनभूमीत त्यांची माणसं आहेत, तिथंही ते जाऊन येतात. हे सगळं चांगलंच आहे, याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढं आहे.

पोलंडवाले ज्या कराचीतनं आले होते त्याच कराचीतनं थोड्याच वर्षांत दुसरी माणसं निघाली. सिंध हा १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता, हे आपण विसरूनच गेलोय. कराचीत मराठी माणसं होती, मोठी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावानं, ती एन.जे.व्ही. स्कूल म्हणून अजून आहे. फाळणीत पंजाब आणि बंगाल चिरले, इकडच्यांना निदान इकडचा तुकडा मिळाला. सिंध अख्खा तिकडं गेला. त्यामुळं सिंधी हिंदूंना आपलं म्हणावं असं राज्य उरलं नाही, भाषेला घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळायलासुद्धा १९६७ उजाडलं. आणि पंजाबसारखी एकदम कापाकापी तिथं झाली नव्हती म्हणून पहिले काही महिने लोक थांबले, म्हणाले हे काय, चार दिवसांचं वारं आहे. मग डिसेंबर ४७ ला हैदराबाद, म्हणजे सिंधमधलं, आणि ६ जानेवारी १९४८ ला कराची. गुरुद्वारात आसरा घेतलेल्या शिखांवर हल्ला झाला, मग हिंदूंची घरं लुटली. त्यानंतर मात्र बंदरावर रांगा लागल्या.

हे मी ज्यांच्याकडनं ऐकलं ते काका गांधीनगरात कपड्याचं दुकान चालवतात, म्हणजे आता मुलगा आणि नातू चालवतात, हे गादीवर लोडाला टेकून बसतात आणि कोण काय घेतंय ते बघतात. आमच्या घरातले बस्ते त्यांच्याकडंच. चुलतभावाच्या लग्नात साड्या निवडायला बायकांना अख्खी दुपार लागली, शे-दीडशे साड्या उलगडून झाल्या होत्या, नोकराचा चेहरा पडलेला, आणि मी कंटाळून काकांशेजारी जाऊन बसलो. गिऱ्हाइकाशी त्यांचं मराठी अस्सल कोल्हापुरी, "ताई, बघा की, मापात हाय, ह्याच्या खाली न्हाई जमत," फोनवर सिंधी, नातवाला हिंदी, आणि कॅल्क्युलेटरवर बोटं न बघता. मी सहज विचारलं, काका तुम्ही मूळचे कुठले. म्हणाले, शिकारपूर. सिंधमधलं. आणि मग चहा मागवला.

ते तेव्हा सहा वर्षांचे. कराचीचं बंदर, कियामारी, तिथं सामानाची झडती. पोलीस रजया सुरीनं फाडून आत हात घालून बघत होते, कापूस सगळीकडं उडत होता आणि पोरांना मजा वाटत होती. त्यांच्या आईनं दोन बांगड्या लोणच्याच्या बरणीत दडवल्या होत्या. शिकारपूरचं लोणचं प्रसिद्ध, बरणी नेणं त्यात संशयाचं काही नाही. शिपायानं झाकण काढलं, वास घेतला, बोट घालून चाखलं, "चांगलं झालंय" म्हणाला आणि बरणीच ठेवून घेतली. हे सांगताना काका इतके हसले की मुलगा गल्ल्यावरनं वळून बघायला लागला. "त्येला घावल्या असत्याल का न्हाई बांगड्या, माझी आई मरेपर्यंत इचारत हुती."

बोटीत ओकाऱ्या. मुंबईत उतरल्यावर दोन-तीन ठिकाणी हलवाहलव, मग कुणीतरी सांगितलं वळिवडे. कुठाय? कोल्हापूरजवळ. कोल्हापूर कुठाय? ते कुणालाच माहीत नव्हतं. कल्याणला मोठा कॅम्प होता, तोच पुढं उल्हासनगर झाला, आणखी पिंपरी, चेंबूर, मुलुंड, तिथं नातेवाईक, भाऊबंद, शिकारपूरच्या गल्ल्याच्या गल्ल्या. यांच्या वाट्याला वळिवडे आलं. आणि बराकीत पोचल्यावर काकांच्या आजीनं पहिलं काय केलं तर अख्खी खोली दोनदा धुवून घेतली, कारण इथं गोरे राहून गेलेत, काय काय शिजवलं असेल कुणास ठाऊक. (पोलंडवाले आले तेव्हा चिंचवाडमध्येही हीच चर्चा होती, हे माझ्या आजीकडनं ऐकलंय. माणूस घर गमावतो, विटाळ गमावत नाही.)

गहू-तांदूळ खाणाऱ्यांना जोंधळा मिळाला. भाकरी थापता येईना. शेजारच्या गावातली एक बाई शेणी विकायला यायची, तिनं काकांच्या आईला परातीत हात धरून भाकरी शिकवली, आणि काकांचं म्हणणं असं की त्यांच्या घरात आजही कोकीपेक्षा, म्हणजे सिंध्यांच्या जाड पोळीपेक्षा, भाकरी जास्त होते, फक्त बरोबर त्यांची पालकाची साईभाजी. वडील शिकारपुरात धान्याचे अडते होते. इथं त्यांनी पहिलं वर्ष खांद्यावर कापडाचे तागे टाकून गावोगाव फेरी केली, हातकणंगले, जयसिंगपूर, कागल, चालत नाहीतर एस्टीनं. उधारी द्यायचे. शेतकऱ्याला सुगीपर्यंत उधारी देणारा परका माणूस तेव्हा दुसरा कोण होता? नफा कमी, माल जास्त, पैसा फिरता ठेवायचा. बाजारपेठ अशी उभी राहिली. सरकारनं दिलेल्या बराकीत पुढच्या भागात गठ्ठा, मागच्या भागात चूल, आणि मधे पडद्याला धोतर.

आता आपण यांना काय दिलं? म्हणजे आपण, कोल्हापूरकरांनी, मराठी माणसांनी. ती साप आणि सिंधीवाली म्हण दिली, जी मी लहानपणी इतक्या चांगल्या चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलीय की आता त्यांचं नाव घेतलं तरी आधी ती म्हणच आठवते. "सिंधी माल" हा शब्द दिला. चिकट, लबाड, डुप्लिकेट. आणि याच माणसांकडनं निम्म्या भावात बस्ता बांधून आणला आणि घरी येऊन सांगितलं, कसा घासून घेतला सिंध्याला. पोलंडवाल्या बाया अंडं हलवून बघायच्या, घासाघीस करायच्या, ते आमच्या घरात कौतुकानं सांगितलं जायचं. सिंध्यानं घासाघीस केली की तो लबाड. मला वाटतं यात गोऱ्या कातडीचा भाग आहेच, पण मोठा भाग असा की पोलंडवाले पाच वर्षांत निघून गेले. गेलेल्या पाहुण्याची आठवण काढायला सोपी जाते. तो पुन्हा तुमच्या पोराच्या शेजारी बाकावर बसत नाही, त्याचं दुकान तुमच्या दुकानासमोर येत नाही, ग्रामपंचायतीला उभा राहत नाही. राहिलेल्या माणसाशी रोज हिशोब असतो.

त्यामुळं त्यांच्या आठवणींना वॉर्सात स्तंभ, मंत्री, राजदूत, वर्तमानपत्राची अख्खी पानं. आणि शिकारपूर ते वळिवडे हा प्रवास दुकानातल्या म्हाताऱ्याकडं, तोही कुणी कंटाळून शेजारी बसलं तर.

मी काकांना हे असंच बोललो, जरा तावातावानं. त्यांना त्यात काही दुःखबिःख दिसलं नाही. म्हणाले, "स्मारक कशाला? गेल्याचं करत्यात स्मारक. आमी हितंच हाय की." आणि नातवाला हाक मारून मागच्या रॅकवरचा गुलाबी रंग काढायला सांगितला, कारण आमच्या बायका दारापर्यंत जाऊन परत आल्या होत्या.

पण एवढं मोकळं मन सगळीकडं नाही. त्यांची सून, तीही सिंधी पण पिंपरीची, म्हणाली की मुलांना सिंधी कळतं, बोलत नाहीत. लिपी तर कुणालाच येत नाही. काकांच्या वडिलांच्या वह्या उजवीकडून डावीकडं लिहिलेल्या, त्या घरात कुणाला वाचता येत नाहीत. उधारीच्या असतील, म्हणाली, कुणाचे किती राहिलेत कुणास ठाऊक. पोलंडच्या पोरांसाठी बराकीत सात समुद्रांपलीकडच्या व्याकरणाच्या परीक्षा झाल्या, कारण त्यांना परत जायचं होतं. यांना परत जायचंच नव्हतं, मग पोरांना मराठी शाळेत घातलं, धंद्याला ते बरं. दोन्ही आपापल्या जागी शहाणपणाचंच. नुकसान मात्र एकाच बाजूला दिसतं.

काकांकडं एक कागद आहे. लॅमिनेट केलेला. वडिलांनी शिकारपुरातल्या घराचा आणि वखारीचा क्लेम लावला होता, त्याचा. तिकडं सोडलेल्या मालमत्तेची नोंद करायची, सरकार तपासणार, मग १९५४ च्या कायद्यानं त्यातला काही हिस्सा भरपाई. नोंदवली त्या किमतीच्या मानानं हातात फार थोडं आलं, आणि तेही रोख आलं नाही, राहत्या बराकीच्या किमतीत वळतं करून घेतलं. म्हणजे दुमजली घर आणि वखार देऊन त्या बदल्यात तट्ट्यांच्या भिंतीच्या खोल्या. कागदावर घराच्या चारी बाजूंना कुणाची घरं होती ते लिहिलेलं आहे, पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक, आणि काका बोट ठेवून सांगतात यातला कोण उल्हासनगरला गेला, कोण हाँगकाँगला, आणि दक्षिणेकडचा एक मुसलमान शेजारी, तो तिथंच राहिला, त्यानं पुढं दोन पत्रं पाठवली होती.

२०१९ मध्ये पोलंडहून पाहुणे आले तेव्हा वळिवड्यात त्यांच्या आठवणींचं संग्रहालय करायचं ठरलं. होऊ दे, चांगलं मोठं होऊ दे. माझं म्हणणं एवढंच की त्यातली एक खोली तरी बराकीतल्या पुढच्या भाडेकरूंना द्या. त्यात फार काही लागणार नाही, एक खांद्यावरचा तागा, ती न वाचता येणारी उधारीची वही, रेशनकार्ड, आणि हा क्लेमचा कागद. काकांना विचारून बघितलं, द्याल का, नाव लावतील खाली तुमच्या वडिलांचं.

म्हणाले झेरॉक्स घेऊन जा. ओरिजिनल मिळायचं नाही, सरकारकडनं अजून येणं बाकी आहे.